सबवूफरचा गेन किती ठेवायचा आणि रिसीव्हरची सब लेव्हल किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 5.1 चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा) रिसीव्हर आहे, सोबत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर. सबच्या मागचा गेन नॉब पाऊण फिरवलेला आहे आणि रिसीव्हरच्या ऑटो सेटअपने (माइकने मोजून लेव्हल आपोआप लावणाऱ्या सोयीने) सबची लेव्हल थेट -12 डीबीवर (डेसिबलवर) नेऊन ठेवली आहे. रात्री हळू आवाजात सब चालूच होत नाही. दिवसा आवाज वाढवला की खोली घुमते आणि संवाद बुडतात. सब कमी केला तर सिनेमा पोचट वाटतो. मग नेमकं काय फिरवायचं?

उत्तर आधी, कारणं मग. रिसीव्हरमधली सब लेव्हल -5 च्या आसपास आणून ठेवा. मग बसायच्या जागेवर मीटर धरून सबचा गेन फिरवा आणि बाकीच्या स्पीकरइतका आकडा आला की गेन नॉबला पुन्हा हात लावू नका. पुढे कमी-जास्त जे करायचं ते रिसीव्हरच्या रिमोटवरून. घुमण्याची तक्रार मात्र बहुतेक वेळा या दोन नॉबांची नसतेच, तिच्याकडे नंतर येतो.

सिग्नलचा रस्ता डोळ्यासमोर आणला की निम्मा घोळ सुटतो. मुख्य स्पीकरना न पाठवलेला खालचा बेस आणि सिनेमातला वेगळा एलएफई चॅनल (फक्त खोल बेसच्या इफेक्टसाठीचा) हे दोन्ही रिसीव्हर एकत्र करतो, त्यावर सब लेव्हल लावतो, मग मास्टर व्हॉल्यूम लावतो आणि सब आउटच्या जॅकमधून तारेत सोडतो. तार सबला पोचते, तिथे गेन नॉब त्या सिग्नलला किती मोठं करायचं ते ठरवतो. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच माळेत एकापाठोपाठ बसलेल्या आहेत. रिसीव्हरवर 5 डीबी कमी करून सबवर 5 डीबी वाढवले तर सोफ्यावर कानाला फरक कळणार नाही. पण मधल्या तारेत जाणारा सिग्नल तेवढा लहान होईल, आणि सगळी गंमत त्या तारेतच आहे.

तारेतला सिग्नल फार लहान असला की दोन गोष्टी बिघडतात. सबचं ऑटो ऑन सर्किट इनपुटवर ठरावीक व्होल्टेज आल्याशिवाय जागं होत नाही. रिसीव्हर -12 वर, मास्टर व्हॉल्यूमही खाली, अशा वेळी तारेत येणारा सिग्नल त्या उंबरठ्यापाशीच अडतो. दिवा लालच राहतो, किंवा सिनेमाच्या शांत प्रसंगात सब झोपून जातो आणि पुढच्या स्फोटाला एक-दोन सेकंद उशिरा उठतो. गेन वाढवून हे सुटत नाही, कारण बहुतेक सबमध्ये ऑटो ऑनचं सर्किट गेनच्या आधी सिग्नल बघतं. दुसरी गोष्ट म्हणजे तारेत शिरलेली घरघर, वीजवाहिनीचा 50 किंवा 60 हर्ट्झचा घूं आवाज. ती काही रिसीव्हरच्या लेव्हलने कमी होत नाही. सिग्नल लहान आणि गेन मोठा असला की सब ती घरघरही तेवढीच मोठी करून ऐकवतो.

उलट टोकाला, रिसीव्हर +8 किंवा +10 वर आणि सबचा गेन अगदी कमी. इथे रिसीव्हरच्या सब आउटचा दम संपतो. पाच चॅनलचा 80 हर्ट्झखालचा बेस आणि एलएफई एकाच जॅकमधून जायचा असतो, त्यावर 8 डीबीची भर, त्यात मास्टर व्हॉल्यूम चढलेला. एका जोरदार प्रसंगात सिग्नलचं डोकं सपाट कापलं जातं. सबमधून 'धप्प' ऐवजी 'फट्ट' येतं आणि माणूस शंका घेतो सबच्या कोनवर. सब बिचारा धडधाकट असतो, त्याला कापलेलाच सिग्नल मिळत असतो. गेन खाली आहे म्हणून सब सुरक्षित आहे, हा समज इथे फसवतो.

म्हणून मधली जागा: -3 ते -8. मी -5 सांगतो त्याला आणखी एक कारण आहे. मोजून सगळं समपातळीला आणल्यावर बहुतेकांना सब 3 ते 6 डीबी चढा आवडतो. -5 वरून 4 डीबी चढवले तरी -1 वरच थांबता येतं, शून्य ओलांडावं लागत नाही. ऐकायचा आवाज नेहमीच मोठा असेल तर सुरुवातच -8 वरून करा.

मोजायला बसण्याआधी रिसीव्हरच्या आणि सबच्या सेटिंगवर एक हात फिरवा, नाहीतर मापन वाया जातं. सबवरचा क्रॉसओव्हर नॉब (किती हर्ट्झखालचा आवाज सबने वाजवायचा ती हद्द ठरवणारा) पूर्ण वर, किंवा एलएफई अथवा बायपास असं लिहिलेलं बटण असेल तर ते चालू. क्रॉसओव्हर करायचं काम रिसीव्हरचं. दोघांनी केलं तर 80 हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो आणि तो भरायला आपण गेन वाढवत बसतो. मुख्य स्पीकर 'स्मॉल' करा, खोकी कितीही मोठी असली तरी. स्मॉल म्हणजे स्पीकरची बदनामी नाही, खालचा बेस सबकडे वळव एवढाच त्याचा अर्थ. क्रॉसओव्हर 80 हर्ट्झवर ठेवा. लहान सॅटेलाइट स्पीकर असतील तर 100 किंवा 120. सबचा मोड 'एलएफई' असावा. 'एलएफई+मेन' किंवा 'डबल बेस' असं काही चालू असेल तर तोच बेस मुख्य स्पीकरमधूनही येतो आणि सबमधूनही, आणि कुठलाही आकडा पुढे टिकत नाही. एलएफई लेव्हल नावाचं वेगळं सेटिंग असेल तर ते शून्यावर. टोन कंट्रोल, नाइट मोड आणि हळू आवाजात बेस वाढवणाऱ्या सोयी मोजताना बंद.

तारेचंही बघून घ्या. सबवर 'एलएफई' लिहिलेला इनपुट असेल तर एकच आरसीए तार त्यात. डावा-उजवा असे दोन इनपुट असलेल्या अनेक सबमध्ये वाय केबलने दोन्ही भरले की आवाज 6 डीबीपर्यंत चढतो, कारण आत दोन्हींची बेरीज होते. यात वाईट काही नाही. ऑटो ऑन आळशी असेल तर उलट फायदाच होतो. पण मोजण्याआधी काय ते ठरवा, नंतर बदलू नका.

आता मीटर. ध्वनिपातळी मोजणारं साधं मीटर चालेल, फक्त त्यावर 'सी' वेटिंग (कोणता सूर किती वजनाने मोजायचा याची पद्धत) आणि 'स्लो' (आकडा सावकाश बदलणारं सेटिंग) हवं. 'ए' वेटिंगवर सब मोजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ए वेटिंग 63 हर्ट्झला सुमारे 26 डीबी वजा करून दाखवतं, 31.5 हर्ट्झला 39. मीटर बिचारं 60 दाखवत असतं आणि खिडकीच्या काचा वाजत असतात. सी वेटिंगमध्ये हीच वजावट 63 हर्ट्झला 1 डीबीच्या आत आणि 31.5 ला 3 डीबी एवढीच असते. फोनमधली अ‍ॅप सगळ्या स्पीकरची आपसातली तुलना करायला ठीक आहेत, पण बऱ्याच फोनचे माइक खालचा खर्ज कापतात, त्यामुळे सबसाठी त्यांच्यावर विसंबू नका. रिसीव्हरसोबत आलेला माइक सब मोजतो, पण तो रिसीव्हरच्याच कामाचा. हौस असेल तर यूएसबी मापन माइक आणि संगणकावर मोफत मिळणारं आरईडब्ल्यू हे मापनाचं सॉफ्टवेअर घ्या. ग्राफ दिसायला लागला की अंदाजपंचे बंद होतं.

मीटर बसल्यावर कान असतो त्या उंचीवर, तिपाईवर, माइक छताकडे. हातात धरलं तर शरीर आणि सोफ्याची पाठ मध्ये येतात. रिसीव्हरच्या स्पीकर लेव्हल मेन्यूतला टेस्ट टोन लावा. पुढचा डावा स्पीकर 75 डीबी दाखवेल असं करा, मग सेंटर, उजवा, मागचे, सगळे त्यांच्या त्यांच्या लेव्हलने 75 वर. काही रिसीव्हरमध्ये टेस्ट टोनला मास्टर व्हॉल्यूम लागू होतो. तसं असेल तर पहिल्या स्पीकरला आवाज ठरवला की पुढे तो हलवायचा नाही. सबची पाळी आली की रिसीव्हरमध्ये सब लेव्हल -5 टाइप करा, उठा, आणि मागचा गेन नॉब अगदी खालून सावकाश वर न्या. दुसरं माणूस मीटर वाचायला असेल तर बरं, कारण तुम्ही सबपाशी वाकलेले असता आणि आकडा सोफ्यावर असतो. सबचा टेस्ट टोन खालच्या पट्ट्यातला गुलाबी गोंगाट (पिंक नॉइज) असतो, तो स्थिर राहत नाही. आकडा 73 ते 77 असा डोलेल. दहा सेकंद बघा आणि मधला धरा. नॉबच्या शेवटच्या भागात केसभर फिरवलं तरी 2 डीबी उडी पडते, म्हणून नॉबने 74 ते 76 मध्ये आणा आणि उरलेला अर्धा-एक डीबी रिसीव्हरवरून भागवा. -5 चं -5.5 झालं तर बिघडत नाही.

नॉब कुठे थांबला याला महत्त्व नाही. घड्याळाच्या 9 वर थांबला म्हणून सब अर्धाही चालत नाही आणि 3 वर गेला म्हणून ताणला जातोय, असं काही नसतं. तो ताकदीचा नॉब नाही, इनपुट किती मोठं करायचं एवढंच तो ठरवतो. थांबला तिथे पेन्सिलने किंवा पांढऱ्या टेपने बारीक खूण करून ठेवा. घरात झाडू-फडक्याच्या वेळी हा नॉब हमखास सरकतो आणि महिनाभर कुणाला कळत नाही.

एक चूक इथे हटकून होते. एलएफई चॅनल बाकीच्यांपेक्षा 10 डीबी चढा वाजायचा असतो हे कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून सब 85 वर नेला जातो. ते 10 डीबी रिसीव्हर स्वतःच एलएफईला लावतो. त्याच हिशोबाने एका चॅनलचं शिखर 105 आणि एलएफईचं 115 डीबी धरलेलं असतं. टेस्ट टोनला सब बाकीच्यांबरोबर 75 वरच हवा. वरून 10 दिले तर फक्त एलएफई नाही, मुख्य स्पीकरकडून वळवलेला बेससुद्धा 10 डीबी चढतो; पुरुषी आवाजात छातीत बोलल्यासारखी घरघर येते आणि संवाद बुडायला लागतात. प्रश्नातल्या तक्रारीचा अर्धा भाग कदाचित हाच असेल.

हाताने मोजायचं नसेल आणि ऑटो सेटअपवरच भरवसा असेल, तर क्रम उलटा करा. ऑटो सेटअप चालवा आणि त्याने सबला दिलेला आकडा बघा. -12 हा आकडा कधीच खरा मानू नका. ती त्या रिसीव्हरच्या पट्टीची शेवटची पायरी आहे. खरी गरज -13 ची होती की -19 ची, हे रिसीव्हरला सांगताच येत नाही. तिथे अडकल्यावर सब कायमचा चढा राहतो. मग टेस्ट टोन लावून मीटरवर सबचा आकडा बघा, समजा 82 आहे. गेन कमी करत तो 68 वर आणा, म्हणजे 14 डीबी खाली (75 वर यायला 7 आणि रिसीव्हरचा आकडा -12 वरून -5 वर यायला आणखी 7), आणि ऑटो सेटअप पुन्हा चालवा. आता -5 च्या आसपास उत्तर यायला हवं. अजूनही -10 आलं तर आणखी 5 डीबी खाली, +3 आलं तर 8 डीबी वर. दोन फेऱ्यांत जमतं. काही नव्या रिसीव्हरमध्ये सेटअपच्या सुरुवातीलाच पडद्यावर सबची पातळी दाखवून 75 डीबीपर्यंत नॉब फिरवा असं सांगतात. तिथे मात्र त्यांचंच ऐका, फक्त शेवटचा आकडा पट्टीच्या टोकाला चिकटलेला नाही ना, तेवढं पाहा. नंतर गेन हलवायचा नाही, कारण इक्वलायझर आणि अंतराची मापं त्याच गेनवर घेतलेली असतात.

ऑटो सेटअपने सबचं अंतर खऱ्या अंतरापेक्षा एक-दोन मीटर जास्त लिहिलं तर ते दुरुस्त करू नका. सबमधले फिल्टर सिग्नलला काही मिलिसेकंद उशीर करतात आणि 1 मिलिसेकंद म्हणजे हवेत सुमारे 34 सेंटिमीटर. रिसीव्हरने टेपने नाही, वेळेने मोजलेलं आहे.

आता फेज, म्हणजे सबच्या आणि स्पीकरच्या लाटा एकमेकींशी जुळतात का ते, कारण लेव्हलचे निम्मे गैरसमज इथून येतात. 80 हर्ट्झला सब आणि मुख्य स्पीकर दोघेही बोलत असतात. दोघांच्या लाटा उलट्या पडल्या तर एकमेकांना खातात. 80 ची लाट 4.3 मीटर लांब असते, त्यामुळे साधारण 2 मीटरच्या फरकाने पूर्ण उलट होते. परिणामी ढोल-तबल्याचा ठोका, बेस गिटारचा वरचा भाग गायब, म्हणून माणूस गेन वाढवतो. खड्डा 80 ला, भर पडते 40 ला. ठोका काही येत नाही, घुमणं तेवढं वाढतं. तपासायला 80 हर्ट्झचा सलग सूर दोन्ही पुढच्या स्पीकरमधून सोडा, मीटर सोफ्यावर, आणि सबवरचा फेजचा खटका 0 आणि 180 असा करून पाहा. जिथे आकडा मोठा तो बरोबर. फिरता नॉब असेल तर सर्वात मोठ्या आकड्यावर थांबवा. एवढ्यावर नाही भागलं तर रिसीव्हरमधलं सबचं अंतर 30-30 सेंटिमीटरने पुढे-मागे करून बघा. हे झाल्यावर लेव्हल पुन्हा एकदा मोजा, बहुधा थोडी कमी करावी लागते.

आणि ते घुमणं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकून फुगतात. पहिला सूर काढायचा हिशोब सोपा: 343 ला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. 5 मीटर लांब खोलीत 34 हर्ट्झ, 3.5 मीटर रुंदीला 49. या सुरांना सोफ्यावर 10-12 डीबीचं शिखर असणं काही विशेष नाही. आता टेस्ट टोन सगळ्या पट्ट्याची सरासरी दाखवतो, त्यात 75 आलं तरी 49 ला 85 असू शकतं. तुम्ही सब 4 डीबी कमी करता, शिखर 81 वर येतं आणि बाकीचा बेस 71 वर. घुमणं राहिलंच, सिनेमा पोचट झाला. प्रश्नातली 'कमी करावा तर पोचट, वाढवावा तर घुमतं' ही अवस्था तंतोतंत हीच आहे आणि ती कोणत्याही नॉबने सुटणार नाही.

सुटते ती जागा बदलून. कोपऱ्यात सब सगळ्यात जोरात वाजतो आणि सगळे अडकणारे सूरही तिथूनच सगळ्यात जास्त उठतात. भिंतीच्या कडेने अर्धा मीटर सरकवून पाहा. त्याहून खात्रीचा उपाय थोडा हास्यास्पद दिसतो: सब उचलून सोफ्यावर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ओळखीचं, बेस गिटारचे वेगवेगळे सूर असलेलं गाणं लावा आणि सब ठेवता येईल अशा जागांवर जमिनीजवळ कान नेत फिरा. जिथे सगळे सूर साधारण सारखे ऐकू येतात, एखादाच फुगत नाही, तिथे सब ठेवा. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर तोही 30-40 सेंटिमीटर पुढे ओढा. भिंतीलगत बेस नेहमीच फुगतो. जागा बदलली की गेन, फेज, ऑटो सेटअप सगळं पहिल्यापासून. कंटाळवाणं आहे, पण हे एकदाच करायचं असतं. उरलेलं शिखर इक्वलायझर खाली दाबू शकतो. खड्डा मात्र तो भरू शकत नाही. ओतलेली ताकद तिथेच एकमेकांना खाते आणि सब फुकट तापतो.

रात्रीच्या हळू आवाजाचं दुखणं वेगळं. मास्टर व्हॉल्यूम खाली आणला की सब आणि स्पीकर दोन्ही सारखेच खाली येतात, समतोल बिघडत नाही. बिघडतो तो कानाचा. 1000 हर्ट्झचा 40 डीबीचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला 50 हर्ट्झच्या सुराला साधारण 78 डीबी लागतात, म्हणजे 38 डीबीचा फरक. तोच आवाज 80 ला नेला तर फरक बावीस-तेवीस डीबीवर येतो. त्यामुळे मोठ्या आवाजात लावलेला समतोल हळू आवाजात पोकळ वाटणारच. त्यासाठी सब वाढवून ठेवला तर दुसऱ्या दिवशी दुपारी खोली घुमणार. यासाठीच रिसीव्हरमध्ये डायनॅमिक ईक्यू, वायपाओ व्हॉल्यूम किंवा लाउडनेस अशा नावाची सोय असते. ती मास्टर व्हॉल्यूम बघून बेसची भर कमी-जास्त करते. ती चालू करा आणि आधी हौसेने दिलेले 3-4 डीबी तेवढे काढून घ्या, नाहीतर दोन्हींची बेरीज होते. शेजारी झोपलेले असतील तर नाइट मोडने मोठे-छोटे आवाज जवळ येतात, पण बेस कमी होतोच असं नाही. तेव्हा रिमोटवरून सब सरळ 5-6 डीबी खाली घ्या. भिंतीतून आरपार जातो तो बेसच.

सब दोन असतील तर प्रत्येक वेगळा लावा. एक बंद ठेवून दुसरा 72 वर, मग उलट. दोन्ही एकदम वाजवले की 75 ते 78 मध्ये आकडा येतो. लाटा नेमक्या जुळल्या तर पूर्ण 6 डीबीची भर, नाहीतर कमी. दोन्ही मिळून 72 च्याही खाली गेले तर ते एकमेकांना कापताहेत, एकाची फेज उलटी करून पाहा. मग रिसीव्हरवरून दोघांना मिळून 75 वर आणा. रिसीव्हरला दोन सब आउट दिसले म्हणून दोन्हींना वेगळी लेव्हल असतेच असं नाही. अनेकांत तो आतल्या आत फाटा दिलेला एकच सिग्नल असतो, तिथे दोघांमधला फरक गेन नॉबनेच काढावा लागतो.

स्टिरिओ रिसीव्हरला सब आउटच नसेल तर स्पीकरच्या तारा सबच्या हाय लेव्हल इनपुटला न्याव्या लागतात. तिथे रिसीव्हरकडे सबची लेव्हल नसते, क्रॉसओव्हरही नसतो, म्हणून वरचा नियम उलटा: सबचा क्रॉसओव्हर नॉब मुख्य स्पीकर जिथे थकतात तिथे, बहुधा 50 ते 60 हर्ट्झवर, आणि गेन कानाने, अगदी थोडा. टेप आउट किंवा रेकॉर्ड आउट जॅकला सब जोडू नका. त्यावर मास्टर व्हॉल्यूमचा परिणाम होत नाही, त्यामुळे रिसीव्हर हळू केला तरी सब त्याच जोरात वाजत राहतो.